आथोस पर्वताचा वैधानिक दर्जा

आथोस पर्वत (ग्रीक भाषेत 'आयिओन ओरोस', म्हणजे 'पवित्र पर्वत') हा ग्रीस देशाच्या उत्तरेकडील खाल्किदिकी प्रदेशातील एक द्वीपकल्प असून तेथे पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या वीस मठांचा स्वशासित समुदाय नांदतो. या समुदायाचे अधिकार कोणते, भूमीवर सत्ता कोणाची आणि धार्मिक बाबतीत अंतिम शब्द कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या सनदा, तह, कायदे व घटनात्मक तरतुदी यांना एकत्रितपणे आथोस पर्वताचा वैधानिक दर्जा असे म्हटले जाते. सध्या हा दर्जा मुख्यतः ग्रीसच्या १९७५ च्या राज्यघटनेतील कलम १०५ आणि १९२६ मध्ये कायद्याचे बळ मिळालेली 'आथोसची सनद' यांवर आधारलेला आहे.

दहाव्या शतकापासून आजपर्यंत या द्वीपकल्पावर बायझेंटाईन, लॅटिन, सर्बियन, ओस्मानी व ग्रीक अशा वेगवेगळ्या सत्ता आल्या. १९१२ ते १९२३ या काळात त्याचे सार्वभौमत्व आंतरराष्ट्रीय पातळीवर अनिर्णित होते. प्रत्येक नव्या सत्तेने मठांचे पूर्वीचे हक्क तपासून, काही वेळा मोबदला घेऊन, पुन्हा मान्य केले. त्यामुळे आजच्या कायद्यातही 'प्राचीन विशेषाधिकार' हीच स्वायत्ततेची भूमिका मानलेली आढळते.

## भौगोलिक व सामाजिक स्वरूप

खाल्किदिकीच्या तीन अरुंद द्वीपकल्पांपैकी आथोस हे सर्वांत पूर्वेकडील आहे. त्याची लांबी सुमारे ५० कि.मी. आणि क्षेत्रफळ सुमारे ३३५ चौ. कि.मी. असून दक्षिण टोकाशी २,०३३ मीटर उंचीचे शिखर आहे. प्रशासनाचे केंद्र कारिएस हे गाव आणि मुख्य बंदर दाफ्नी हे होय. मुख्य भूमीशी जोडलेला असूनही हा प्रदेश जमिनीवरून येणाऱ्या प्रवाशांना बंद आहे. यात्रेकरू बहुधा सीमेबाहेरील उरानूपोली येथून बोटीने जातात.

संपूर्ण द्वीपकल्प वीस मठांमध्ये विभागलेला आहे. सतरा मठ ग्रीक परंपरेचे असून हिलांदार हा सर्बियन, झोग्राफू हा बल्गेरियन आणि संत पांतेलिमॉन हा रशियन मठ आहे. लहान वसाहती, ज्यांना 'स्केटी' म्हणतात, तसेच एकांतवासातील कुटी यांना स्वतंत्र अस्तित्व नसून त्या कोणत्या ना कोणत्या मठाच्या अधिकाराखाली असतात. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,८११ होती. युनेस्कोने १९८८ मध्ये आथोसचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

## बायझेंटाईन काळ

नवव्या शतकात आथोसवर एकांतवासी संन्यासी राहत होते. सम्राट बासिल पहिला (कारकीर्द ८६७–८८६) याने त्यांना संरक्षण देणारा आदेश काढला आणि सरकारी अधिकारी व मेंढपाळ यांनी त्यांना उपद्रव देऊ नये असे फर्मावले. आथोसच्या स्वायत्ततेचा इतिहास सामान्यतः येथून सुरू झाला असे मानतात.

९६३ मध्ये संत अथानासियस यांनी महालाव्रा हा मठ स्थापन केला. त्यांनी उभारलेल्या मोठ्या इमारती आणि सामूहिक मठजीवनाची नवी पद्धत जुन्या एकांतवासी संन्याशांना मान्य नव्हती. त्यांनी सम्राट योहान त्सिमिस्कीस याच्याकडे तक्रार नेली. सम्राटाने चौकशी करवून ९७२ च्या सुमारास पहिली नियमसंहिता मंजूर केली. बोकडाच्या कातड्यावर लिहिलेली असल्याने ती 'त्रागोस' (बोकड) या नावाने ओळखली जाते आणि आजही कारिएस येथे जतन केलेली आहे. 'प्रोतोस' हा प्रमुख व मठाधिपतींची सभा यांनी मिळून कारभार करावा, ही रचना तिच्यात दिसते.

१०४५ च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाईन नववा याने दुसरी नियमसंहिता दिली. १३१२ मध्ये सम्राट अँड्रोनिकस दुसरा याने प्रोतोसच्या नियुक्तीला मान्यता देण्याचा अधिकार सम्राटाकडून कॉन्स्टँटिनोपलच्या प्रमुख धर्मगुरूकडे, म्हणजे पॅट्रिआर्ककडे, सोपवला. या निर्णयाचे महत्त्व पुढे वाढत गेले. साम्राज्य लयाला गेल्यानंतरही धर्मपीठ टिकून राहिले आणि समुदायाला राजसत्तेपासून वेगळा असा एक कायमचा आधार मिळाला.

याच काळात सत्तांतराचे पहिले अनुभव आले. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर आथोस लॅटिन राजवटीखाली गेले. तेव्हा संन्याशांनी पोप इनोसंट तिसरा यांचे संरक्षण मिळवले. चौदाव्या शतकाच्या मध्यास सर्बियाचा राजा स्तेफान दुशान याचा अंमल सुरू झाला. त्यानेही मठांचे हक्क कायम ठेवले आणि नवी दाने दिली.

## ओस्मानी काळ

कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडले, परंतु आथोसच्या संन्याशांनी त्याआधीच, १४२४ मध्ये, सुलतान मुराद दुसरा याचे स्वामित्व मान्य केले होते. ठराविक वार्षिक कराच्या बदल्यात मठांना अंतर्गत कारभार व मालमत्ता राखता आली. सुलतानाचा एक अधिकारी कारिएस येथे राहत असे. त्यालाही स्त्रियांना बरोबर आणता येत नसे.

सर्वांत गंभीर प्रसंग सुलतान सेलीम दुसरा याच्या काळात १५६८–६९ मध्ये आला. मठांच्या जमिनींचे हक्क इस्लामी कायद्यानुसार वैध नाहीत असे ठरवून त्या जप्त करण्यात आल्या. मठांना मोठी रक्कम भरून त्या परत विकत घ्याव्या लागल्या. चर्चच्या नावाने केलेले दान ओस्मानी कायद्यात बसत नव्हते. म्हणून शेखुल-इस्लाम एबुस्सुऊद एफेंदी यांच्या मतानुसार मठातील संन्यासी हे जणू एका कुटुंबाचे सदस्य मानून मालमत्तेला कौटुंबिक वक्फाचे रूप देण्यात आले. अशा रीतीने ख्रिस्ती मठांची मालमत्ता इस्लामी कायद्याच्या चौकटीत सुरक्षित झाली. मात्र रक्कम उभी करण्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार अनेक मठांना दीर्घकाळ सोसावा लागला.

१७८३ मध्ये पॅट्रिआर्क गॅब्रिएल चौथे यांच्या नियमसंहितेने वीस मठांचे चार-चारच्या पाच गटांत विभाजन करून चार सदस्यांचे कार्यकारी मंडळ निश्चित केले. ही व्यवस्था आजही चालू आहे. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धानंतर ओस्मानी सैन्याने १८३० पर्यंत आथोसवर तळ ठेवला होता. रोमानियात मठांच्या मोठ्या इनामी जमिनी होत्या. १८६३ मध्ये तेथील सरकारने त्या ताब्यात घेतल्या.

## आंतरराष्ट्रीय प्रश्नाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकात रशियन संन्याशांची संख्या झपाट्याने वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी द्वीपकल्पावर एकूण सुमारे ७,४०० संन्यासी होते आणि त्यांत रशियनांची संख्या ग्रीकांहून अधिक झाली होती. रशियाचे शासन त्यांच्या हितसंबंधांकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहू लागले. १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहात रशियन संन्याशांच्या हक्कांचा स्वतंत्र उल्लेख झाला. त्याच वर्षी १३ जुलै रोजी झालेल्या बर्लिनच्या तहाने ही तरतूद व्यापक केली. त्याच्या कलम ६२ नुसार आथोसचे संन्यासी कोणत्याही देशाचे असोत, त्यांची पूर्वीची मालमत्ता व सवलती कायम राहतील आणि सर्वांना समान हक्क असतील असे ठरले. यामुळे आथोसचा दर्जा ओस्मानी साम्राज्याचा अंतर्गत विषय न राहता युरोपीय सत्तांच्या कराराचा भाग बनला.

### १९१२–१३ मधील पेच

पहिल्या बाल्कन युद्धात १५ नोव्हेंबर १९१२ रोजी (जुन्या पंचांगानुसार २ नोव्हेंबर) ग्रीक नौदलाने आथोसचा ताबा घेतला. तरीही कायदेशीर स्वामित्व निश्चित झाले नव्हते. ३० मे १९१३ च्या लंडनच्या तहातील कलम ५ नुसार एजियन समुद्रातील बेटांबरोबरच आथोस द्वीपकल्पाचे भवितव्य ठरवण्याचे काम सहा महासत्तांवर सोपवण्यात आले. रशियाचा कल द्वीपकल्पाला तटस्थ व आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्याकडे होता. लंडन येथील राजदूतांच्या परिषदेत ऑगस्ट १९१३ मध्ये आथोसला स्वायत्त व तटस्थ दर्जा देण्याच्या बाजूने मत झाले.

ग्रीक मठांनी या योजनेला विरोध केला. ऑक्टोबर १९१३ मध्ये कारिएस येथे झालेल्या सभेत ग्रीसशी एकीकरणाच्या बाजूने ठराव करण्यात आला. अनेक देशांची संयुक्त देखरेख आली तर संख्येने मोठ्या असलेल्या रशियन गटाचे आणि त्यामागील राज्याचे वर्चस्व वाढेल, ही भीती या विरोधामागे होती.

सत्तेच्या या पोकळीत काय घडू शकते याचे उदाहरण त्याच वर्षी दिसले. ईश्वराचे नाव हे स्वतः ईश्वरच होय, असे मानणाऱ्या रशियन संन्याशांचा एक मोठा गट संत पांतेलिमॉन मठात व संत आंद्रेई स्केटीत निर्माण झाला होता. रशियन चर्चने हे मत पाखंड ठरवले. १९१३ च्या उन्हाळ्यात रशियन युद्धनौका व सैनिक आथोसवर आले आणि त्यांनी ८०० हून अधिक संन्याशांना बळजबरीने जहाजांवर चढवून रशियात नेले. ग्रीस आपली सत्ता सांगत असलेल्या भूमीवर ही कारवाई परक्या राज्याने केली होती.

पहिले महायुद्ध आणि १९१७ ची रशियन क्रांती यांमुळे आंतरराष्ट्रीयीकरणाची योजना मागे पडली. रशियातून येणारे संन्यासी, देणग्या व राजकीय पाठबळ सर्वच थांबले.

### तह व नवी सनद

१० ऑगस्ट १९२० रोजी सेव्र येथे ग्रीस व प्रमुख दोस्त राष्ट्रे यांच्यात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला. त्यातील कलम १३ नुसार बर्लिनच्या तहाने बिगर-ग्रीक मठसमुदायांना मिळालेले पारंपरिक हक्क मान्य करून ते कायम राखण्याचे बंधन ग्रीसने स्वीकारले. हा करार १९२३ च्या लोझान येथील तहाबरोबरच्या एका मसुद्याद्वारे टिकवण्यात आला व १९२४ मध्ये अमलात आला. अशा रीतीने ग्रीसचे सार्वभौमत्व आणि परदेशी परंपरेच्या मठांचे हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य झाल्या.

१९२४ मध्ये मठांच्या प्रतिनिधींनी जुन्या सनदा, नियमसंहिता व रूढी यांच्या आधारे १८८ कलमांची 'आथोसची सनद' तयार केली. ग्रीस सरकारने १९२६ मध्ये तिला कायद्याचे बळ दिले. १९२७ च्या राज्यघटनेत आथोसविषयी स्वतंत्र कलमे आली. ती १९५२ व १९७५ च्या राज्यघटनांतही पुढे चालू राहिली.

याच दशकात मठांना आर्थिक झळ बसली. आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांचे पुनर्वसन करण्यासाठी ग्रीस सरकारने द्वीपकल्पाबाहेरील मठांच्या बऱ्याच शेतजमिनी ताब्यात घेतल्या. द्वीपकल्पाच्या आतील भूमीला मिळालेले घटनात्मक संरक्षण बाहेरच्या जमिनींना लागू नव्हते.

## सध्याची घटनात्मक चौकट

कलम १०५ नुसार आथोस हा 'प्राचीन विशेष दर्जा असलेला, ग्रीक राज्याचा स्वशासित भाग' असून तेथील ग्रीसचे सार्वभौमत्व अबाधित आहे. या कलमातील प्रमुख तरतुदी अशा:

* आध्यात्मिक दृष्ट्या आथोस थेट कॉन्स्टँटिनोपलच्या एक्युमेनिकल धर्मपीठाच्या अधिकारक्षेत्रात आहे.
* तेथे संन्यासी किंवा साधक म्हणून प्रवेश मिळताच त्या व्यक्तीला इतर कोणत्याही सोपस्काराशिवाय ग्रीक नागरिकत्व मिळते.
* द्वीपकल्पाची भूमी सक्तीने संपादित करता येत नाही.
* कारभाराची पद्धत, मठांची संख्या, त्यांचा श्रेणीक्रम व अधीन वसाहतींशी असलेले संबंध यांत बदल करता येत नाही.
* अन्य पंथीय किंवा ऑर्थोडॉक्स चर्चपासून फुटलेल्या व्यक्तींना तेथे वास्तव्य करण्यास मनाई आहे.
* सनद वीस मठांनी राज्याच्या प्रतिनिधीच्या सहभागाने तयार करावयाची असून तिला धर्मपीठ व ग्रीक संसद या दोहोंची मान्यता लागते.

यांतील नागरिकत्वाच्या तरतुदीचे परिणाम दूरगामी आहेत. सर्बियन, बल्गेरियन किंवा रशियन मठात दाखल होणारी व्यक्ती कायद्याने ग्रीक नागरिक होते. त्यामुळे मठाची भाषा व परंपरा परदेशी राहिली, तरी परदेशी राज्याला आपल्या नागरिकांच्या संरक्षणाचे कारण पुढे करून हस्तक्षेप करता येत नाही. मठांची संख्या वीसवर गोठवल्यामुळे, रशियन संन्याशांनी उभारलेल्या मोठ्या स्केटींना स्वतंत्र मठाचा दर्जा आणि त्याबरोबरचे मत मिळण्याचा मार्गही बंद राहिला.

### कारभाराची रचना

वीस मठांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी मिळून 'पवित्र समुदाय' नावाची सभा बनते; तिचे कामकाज कारिएस येथे चालते. संख्याबळ कितीही असले तरी प्रत्येक मठाला एकच मत असते. दैनंदिन कार्यकारी काम 'पवित्र देखरेख मंडळ' पाहते. पाच गटांपैकी एक गट दरवर्षी पाळीपाळीने हे मंडळ पुरवतो. महालाव्रा, वातोपेदी, इवीरॉन, हिलांदार व दिओनिसिऊ हे आपापल्या गटातील अग्रक्रमाचे मठ असून त्यांच्या प्रतिनिधीकडे अध्यक्षपद असते. समुदायाची मुद्रा चार तुकड्यांची आहे. प्रत्येक सदस्याकडे एक तुकडा असल्याने चौघांच्या संमतीशिवाय अधिकृत पत्रावर शिक्का उमटत नाही.

ग्रीक राज्याचे प्रतिनिधित्व परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील राज्यपाल करतो. सार्वजनिक सुव्यवस्था व सुरक्षा ही सर्वस्वी राज्याची जबाबदारी आहे. मठांमधील वाद व शिस्तभंगाची प्रकरणे मठांचे अधिकारी आणि पवित्र समुदाय यांच्यापुढे चालतात. फौजदारी गुन्हे मात्र ग्रीक न्यायालयांकडे जातात.

आथोसची तुलना कधीकधी व्हॅटिकन सिटीशी केली जाते. परंतु व्हॅटिकन हे सार्वभौम राज्य आहे, तर आथोसला स्वतःचे नागरिकत्व किंवा परराष्ट्र संबंध नाहीत. ज्या धर्मपीठाच्या आध्यात्मिक अधिकाराखाली आथोस आहे, ते तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे आहे. ग्रीस आपल्या भूमीच्या एका भागात परदेशात असलेल्या धर्मसंस्थेचा अधिकार घटनेनेच मान्य करतो, हे या व्यवस्थेचे वेगळेपण होय.

## स्त्रियांना प्रवेशबंदी

स्त्रियांना आथोसवर प्रवेश नसण्याची प्रथा मध्ययुगीन आहे. १९५३ च्या ग्रीक कायद्याने या बंदीचे उल्लंघन हा गुन्हा ठरवून त्यासाठी दोन महिने ते एक वर्ष कारावासाची शिक्षा ठेवली. पुरुष यात्रेकरूंनाही प्रवेशपत्र घ्यावे लागते. सर्वसाधारणपणे दररोज सुमारे १०० ऑर्थोडॉक्स व १० इतर पुरुषांना ते दिले जाते.

युरोपीय संसदेने २००३ मध्ये मूलभूत हक्कांविषयीच्या ठरावात ही बंदी उठवण्याची मागणी केली. स्त्री-पुरुष समानता आणि मुक्त संचार या तत्त्वांशी ती विसंगत आहे, असे टीकाकारांचे मत आहे. संपूर्ण द्वीपकल्प हीच मठांची खाजगी व पवित्र वास्तू असल्याने मठाच्या आतला नियम सर्वत्र लागू होतो, असे समर्थक मानतात. युरोपीय संसदेचा ठराव बंधनकारक नसल्याने कायद्यात बदल झालेला नाही.

## युरोपीय संघातील स्थान

ग्रीसने १९७९ मध्ये तत्कालीन युरोपीय समुदायात प्रवेशाच्या करारावर सही केली, तेव्हा आथोसविषयी संयुक्त घोषणा जोडण्यात आली. आथोसचा विशेष दर्जा केवळ आध्यात्मिक व धार्मिक कारणांवर आधारलेला असल्याचे तिने मान्य केले. सीमाशुल्कातील सवलती, करमाफी व वास्तव्याचा हक्क यांसंबंधीचे कायदे करताना तो विचारात घेतला जाईल, असे आश्वासनही तिच्यात आहे. १९९७ च्या अ‍ॅमस्टरडॅम तहाच्या वेळी ग्रीसने या घोषणेचे स्मरण करून दिले. शेंगेन करारात सामील होतानाही आथोसचा स्वतंत्र उल्लेख झाला. आथोस युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात येते, परंतु मूल्यवर्धित कराच्या क्षेत्राबाहेर आहे.

## दर्जाची कसोटी पाहणारे प्रसंग

दुसरे महायुद्ध: एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीसवर कब्जा केल्यावर समुदायाच्या प्रमुखांनी ॲडॉल्फ हिटलरला पत्र लिहून संरक्षणाची व स्वायत्तता कायम ठेवण्याची विनंती केली. शेजारच्या प्रदेशावर बल्गेरियाचा ताबा आल्याने आथोसही त्या राज्याकडे जाण्याची शक्यता होती. द्वीपकल्प जर्मन नियंत्रणाखाली राहिले व मठांचा अंतर्गत कारभार चालू राहिला. या पत्राचे नैतिक मूल्यमापन वेगवेगळ्या प्रकारे केले जाते. नव्या सत्ताधीशाकडून जुने हक्क मान्य करून घेण्याच्या शतकानुशतकांच्या रीतीशी मात्र ते सुसंगत होते.

एस्फिग्मेनू मठाचा वाद: पॅट्रिआर्क अथेनागोरस व पोप पॉल सहावे यांच्या १९६४ च्या भेटीनंतर ऑर्थोडॉक्स व कॅथलिक चर्चमध्ये समेटाचे प्रयत्न सुरू झाले. त्यांना विरोध म्हणून या मठाने प्रार्थनेत पॅट्रिआर्कचे नाव घेणे बंद केले. २००२ मध्ये धर्मपीठाने तेथील संन्याशांना चर्चपासून फुटलेले ठरवले. कलम १०५ मधील वास्तव्यबंदीमुळे या धार्मिक निर्णयाचे थेट कायदेशीर परिणाम झाले आणि त्यांना बाहेर काढण्याचे आदेश निघाले. संन्याशांनी मठ सोडण्यास नकार दिला. २०१३ मध्ये कारिएस येथील त्यांची इमारत रिकामी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हिंसक प्रतिकार झाला. धर्मस्वातंत्र्य आणि समुदायाची स्वायत्तता यांतील ताण या प्रकरणात स्पष्ट दिसतो.

२०१८ मधील धार्मिक फूट: युक्रेनमधील चर्चला स्वातंत्र्य देण्याच्या निर्णयावरून मॉस्कोच्या धर्मपीठाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलशी धार्मिक संबंध तोडले आणि आपल्या अनुयायांना आथोसवरील संस्कारांत सहभागी न होण्यास सांगितले. रशियन परंपरेचा संत पांतेलिमॉन मठ मात्र कायद्याने कॉन्स्टँटिनोपलच्याच अधिकाराखाली आहे. त्यामुळे भाषा व परंपरेने एका चर्चशी आणि कायद्याने दुसऱ्या धर्मपीठाशी जोडलेला असा हा मठ या वादाच्या मध्यभागी आला.

## हेही पाहा

* एक्युमेनिकल धर्मपीठ
* बर्लिनचा तह (१८७८)
* लोझानचा तह
* व्हॅटिकन सिटी